गेनभाऊ टेस्टरचा विमा

विम्याचा एजंट गावात शिरला की माणसं कशी पांगतात, ते मी बावीस वर्षं पाहिलं आहे. माझी लुना पाराशी येऊन थांबली की पारावरच्या मंडळींना एकदम वैरण, मोटर, पिकाला पाण्याचे बारे धरणं अशी कामं आठवायची. ज्यांना पळता येत नसे ते म्हातारे झोपेचं सोंग घ्यायचे. माझं घर वारूळवाडीत. तिथून बोरी बुद्रुकपर्यंतच्या साऱ्या मळ्यांतून, म्हणजे आमच्याकडच्या वाड्यांतून, मी असा लोकांच्या पाठी बघत हिंडलो. या धंद्यात एकच माणूस स्वतःहून माझ्या मागे लागला, आणि चांगली दहा-बारा वर्षं लागला. नेमका त्याचाच विमा माझ्या हातून उतरेना.

त्यांचं नाव गेनभाऊ. आडनाव सांगून उपयोग नाही, ते कुणी वापरतच नव्हतं. बोरीच्या पलीकडच्या एका मळ्यात दूध संस्था होती, तिथे ते दूध तपासायचे, म्हणून गेनभाऊ टेस्टर. मळ्याचं नाव मात्र मी सांगणार नाही. पुढे जे घडलं त्यात तिथल्या लोकांचं जरा हसं होतं, आणि ती माणसं अजून माझ्याशी बोलतात, चहा पाजतात. ते मला बंद पाडायचं नाही.

बारीक अंगाचा, मान किंचित पुढे काढून चालणारा माणूस. सकाळ-संध्याकाळ लोक दूध घेऊन आले की गेनभाऊ प्रत्येकाच्या कॅनमधून नमुना घ्यायचे. आधी त्यात लॅक्टोमीटर सोडायचे. त्याला सगळे 'डिग्री' म्हणत. मग फॅट. काचेच्या नळीत अॅसिड, त्यावर दूध, वर आणखी एक औषध, बूच घट्ट लावायचं, नळ्या चक्रात बसवायच्या आणि हाताने दांडा फिरवायचा. त्या अॅसिडचे थेंब उडून त्यांच्या सगळ्या शर्टांना मोहरीएवढी भोकं पडलेली असत, लग्नाकार्याला घालायच्या शर्टालासुद्धा. चक्र थांबलं की नळी उजेडाकडे धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि आकडा बोलायचा. "तीन आठ." मग समोर सरपंच असो की सरपंचाची म्हातारी, त्या आकड्यात फरक पडत नसे. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "हाय तेवढं बोललो. माझ्या पदरचं काय घातलं न्हाई."

त्यांना साखरेचा आजार होता. चोविसाव्या वर्षी लागला आणि गोळ्यांवर भागेना, तेव्हापासून रोज दोन वेळा सुई. इन्सुलिन थंड राहायला हवं, आणि मळ्यात फ्रिज एकच, तो संस्थेत, जनावरांच्या लशींसाठी. त्यात त्यांच्या बाटल्या वरच्या कप्प्यात, त्यावर चिकटवलेली चिठ्ठी: 'गेनभाऊचे. जनावरांना देऊ नये.' सकाळचं दूध आटोपलं की चहाच्या शेजारीच एका पातेल्यात काचेची सिरिंज उकळायची, शर्ट वर करून पोटात सुई मारायची आणि बरोबर अर्ध्या तासाने भाकरीला बसायचं. हे सगळं चारचौघांत. नव्या सुना तोंड फिरवायच्या, पण महिन्याभरात त्याही सरावायच्या. खिशात गुळाचा खडा असायचा, साखर एकदम उतरलीच तर तोंडात टाकायला. त्यामुळे गेनभाऊ जिथे बसतील तिथे थोड्या वेळाने मुंग्या यायच्या. "माझ्यापेक्षा ह्यांनाच जास्त ठावं असतं, मी कुठं हाय ते," असं म्हणून ते उठून दुसरीकडे बसायचे.

त्यांच्या खरेपणाचा एक किस्सा मळ्यात पोरंसोरंही सांगायची. एकदा त्यांच्याच घरची कॅन आली. हौसाबाई, म्हणजे गेनभाऊंची बायको, दोन म्हशींचं दूध घालायच्या. त्या दिवशी कॅन विसळून त्यातलं पाणी काढायचं राहिलं असावं. गेनभाऊंनी डिग्री सोडली, बघितली, पुन्हा सोडली, आणि कॅनला झाकण लावून म्हणाले, "परत न्या."

हौसाबाईंना आधी थट्टाच वाटली. मग त्यांनी पदर खोचला. "अवो, घरचं दूध हाय!"

"घरचं हाय, पर पाणी बी घरचंच हाय," गेनभाऊ म्हणाले.

पुढचे चार दिवस गेनभाऊंच्या डब्यात नुसती भाकरी आणि मीठ आलं. पाचव्या दिवशी वांग्याचं भरीत आलं, तेव्हा रांगेतल्या सगळ्यांनी डब्यात डोकावून बघितलं. पण त्यानंतर मळ्यात फॅटवरून कुणी भांडण केलं नाही. बायकोचं दूध परत करणाऱ्याशी भांडून काय मिळणार?

तर असा हा माणूस. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचा सुमार असेल. मी संस्थेत कुणाला तरी गाठायला गेलो होतो, आणि नेहमीप्रमाणे तो कुणी तरी मागच्या दाराने गेला होता. गेनभाऊंनी मला बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "पावणं, आजारपणाचा इमा असतोय म्हणं. त्यो मला काढायचाय."

मी उडालोच. जिवाचा विमा काढायला लोक राजी नसायचे, आणि हे आपणहून दवाखान्याच्या विम्याचं विचारत होते. मी सहज म्हणालो, अहो, इतकी काय घाई? तेव्हा त्यांनी नळ्या पुसता पुसता सांगितलं. "माझ्या बाला ह्योच आजार व्हता. पुण्याच्या दवाखान्यात सात दिस पडून व्हता. सात दिसांत आमचा विहिरीकडचा तुकडा गेला. मंग बा बी गेला. मला बी कधी ना कधी जावंच लागंल दवाखान्यात, डॉक्टर तसं तोंडावर सांगत्यात. मरायचं काय न्हाई हो. पर माझा आजार माझ्यापुरता ऱ्हावा. घरातलं काय घिऊन जाऊ नये."

मी फॉर्म काढला. त्यात एक प्रश्न असतो: आपली प्रकृती उत्तम असून आपणास कोणताही आजार नाही, हे खरे आहे काय? मी बोट ठेवलं आणि म्हणालो, "इथं 'होय' लिहा."

"कोण लिवणार?"

"तुम्हीच."

"आन् सही?"

"तुमचीच."

"मंग खोटं बी माझंच झालं की."

मी त्यांना समजावलं. सगळेच तसं लिहितात, कंपनीला काय स्वप्न पडतंय, दोन-चार वर्षं गेली की कोण बघतंय! आज हे लिहितानाही मला लाज वाटते, पण मी हे अनेकांना सांगत असे आणि तेव्हा लाज वाटत नसे. गेनभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. "दुधात पाणी घालणारा बी मला असंच सांगतोय," एवढंच म्हणाले, आणि आपल्या गोल अक्षरात लिहिलं: 'खरे नाही. मधुमेह आहे, तेरा वर्षांपासून. रोज दोन इंजेक्शने. बाकी तब्येत उत्तम.'

महिन्याभरात पत्र आलं. इंग्रजीत होतं, मीच वाचून दाखवलं. प्रस्ताव स्वीकारता येत नाही, त्याबद्दल खेद आहे.

"म्हंजी त्यांना वाईट वाटलं?" गेनभाऊंनी विचारलं.

"लिहिलंय तसं."

"मंग पुढच्या वर्षी परत इचारू. तवर इचार करत्याल."

आणि खरोखरच त्यांनी पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा फॉर्म भरला. त्याच्या पुढच्या वर्षीही. तेराचे चौदा झाले, चौदाचे पंधरा झाले, 'बाकी तब्येत उत्तम' मात्र कायम. मला त्या फॉर्मचा कंटाळा यायला लागला. शेवटी मी म्हणालो, "गेनभाऊ, तुम्ही एकदा कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसातच चला. साहेबांशी तुम्हीच बोला." मला वाटलं, साहेबांच्या तोंडून 'नाही' ऐकलं की सुटेन.

आम्ही नारायणगावहून एसटीने गेलो. साहेब सभ्य होते, त्यांनी बसायला सांगितलं. गेनभाऊ खुर्चीच्या कडेवर बसले आणि थेट विषयाला आले. "साहेब, मागल्या साली आमच्या मळ्यातल्या एका गाईचा इमा तुमच्याच हापिसानं उतरवला. तिच्या कासेचा एक सड बंद हाय. जनावराच्या डॉक्टरनं कागदावर तसं लिवलं, आन् तुमी तीन सडांवर इमा दिला. मी बी तसाच हाय. साखर तेवढी बंद सडात धरा, आन् बाकीच्या गेनभाऊचा इमा द्या."

साहेब इतके हसले की शेजारच्या टेबलावरचा कारकून उठून बघायला आला. पण त्यांनी ती गोष्ट नुसती हसण्यावारी नेली नाही. महिन्याने कंपनीचा कागद आला: विमा देऊ, मात्र मधुमेह आणि मधुमेहापासून उद्भवणारे कोणतेही आजार वगळून. मी आनंदाने लुना दामटत मळ्यात गेलो. गेनभाऊंनी कागद घेतला, पण सही केली नाही. ते दर महिन्याला मंचरच्या ज्या डॉक्टरांकडे जायचे, त्यांच्यापुढे तो कागद ठेवला आणि विचारलं, साखरेपासून काय काय होतं ते एकदा सगळं सांगा. डॉक्टर बोटं मोजायला लागले. डोळे, मूत्रपिंडं, हृदय, पायाच्या नसा, न भरणाऱ्या जखमा, अर्धांग.

"मंग ऱ्हायलं काय?"

"नाक राहिलं," डॉक्टर म्हणाले.

गेनभाऊंनी कागद मला परत दिला. "नाकाचा इमा नको, पावणं."

अशी सात-आठ वर्षं गेली. मग कंपनीने एक नवी गोष्ट काढली. सहकारी संस्थेच्या सगळ्या सभासदांचा मिळून एकच विमा. त्यात जुना आजार असलेल्यालाही घेणार. फक्त त्या आजाराचा खर्च पहिली चार वर्षं मिळणार नाही, पाचव्या वर्षापासून मिळेल. अट अशी की संस्थेतला एकूण एक सभासद त्यात आला पाहिजे, आणि चारही वर्षं मध्ये खंड पडता कामा नये. मी हे गेनभाऊंना सांगितलं तेव्हा ते चक्र फिरवत होते. त्यांनी दांडा सोडून दिला. चक्र आपोआप थांबलं.

संस्थेच्या अंगणात सभा भरली. मी आयुष्यात इतक्या माणसांसमोर विम्यावर कधी बोललो नव्हतो. निम्मी तर माझ्यापासून पळालेलीच होती. माझं बोलणं झाल्यावर धोंडीबा उठले. हे मेंढरं राखणारे म्हातारे, खांद्यावर घोंगडी, संस्थेत दूध घालण्यापुरती एक गाय. "इमा काढला की यम पत्ता इचारत येतोय," ते म्हणाले, आणि बऱ्याच माना हलल्या.

गेनभाऊ पुढे आले. "आधी एक सांगतो. ह्यात सगळ्यात जास्त गरज माझी हाय. तुमी सगळे आलात तर मला मिळणार. एक जरी ऱ्हायला तरी मला न्हाई. तुमच्या भल्याचं बी हाय, पर माझं आधी हाय. हे कळून काय ते करा."

सभेत असं कुणी बोलत नाही. मी तर कपाळाला हात लावला. "मंग हे आदुगर सांगायचं न्हाई व्हय?" धोंडीबा म्हणाले. "कुठं मांडायचा अंगठा?"

फॉर्म मीच मराठीत करून नारायणगावात झेरॉक्स काढून आणले होते. लोकांना भरताना अडचण नको म्हणून गेनभाऊंना म्हणालो, एक नमुना भरून बोर्डावर लावा. नमुन्यात माणसं अबक असं काही तरी नाव घालतात, पण नसलेल्या माणसाचा फॉर्म भरायचा गेनभाऊंना पटेना. त्यांनी स्वतःचाच भरला आणि लावला. भरलेले फॉर्म टाकायला एक रिकामी कॅन ठेवली. आठ दिवसांत कॅन भरली. गेनभाऊंनी एकही फॉर्म उघडून पाहिला नाही, कारण दुसऱ्याच्या आजाराचं आपण कशाला वाचायचं. मी सह्या आणि अंगठे तेवढे तपासले, गठ्ठा बांधला आणि छाती पुढे काढून पुण्याला देऊन आलो.

चौथ्या दिवशी साहेबांचा फोन. "अहो, तुमच्या त्या मळ्यात पाण्यात काय आहे? एकशे बेचाळीस माणसं आणि एकशे बेचाळीस जणांना एकवीस वर्षांपासून मधुमेह! रोज दोन इंजेक्शनं, बाकी तब्येत उत्तम! यातली एक बाई तर एकोणीस वर्षांची आहे!"

लुना घेऊन तसाच मळ्यात गेलो. नावं आणि वयं सोडून लोकांनी गेनभाऊंचा फॉर्म अक्षर न् अक्षर उतरवला होता. मी ओरडलो, तुम्ही असं लिहिलंच कसं? तर एक जण शांतपणे म्हणाला, "गेनभाऊनं लिवलं व्हतं. त्यो काय खोटं लिवील व्हय?" आणि जिच्यावरून साहेब ओरडले होते ती एकोणीस वर्षांची सून पदर सावरत म्हणाली, "आमाला वाटलं, सगळ्यांनी सारखंच लिवायचं आसंल. एकट्या गेनदाजींचाच आजार कसा दावायचा?"

गेनभाऊ मात्र पडलेल्या तोंडाने बसले होते. "माझ्यामुळं सगळा मळा खोटा ठरला," असं दोन-तीनदा म्हणाले. मग उठले. "त्यांना म्हणावं, डॉक्टर पाठवा. सगळ्यांची तपासणी करा. जे निघंल ते लिवू."

कंपनीलाही शंका होतीच. त्यांनी डॉक्टर पाठवला, आणि तपासणी झाली ती सकाळी दूध घालायच्या वेळेला, संस्थेच्या दारात. रांग गेनभाऊंनीच लावली. दूध द्यायचं, बोट पुढे करायचं, टोचून घ्यायचं आणि पुढे व्हायचं. दुधाला तीन आठ, साखरेला अमुक, दोन्ही आकडे तिथल्या तिथे मोठ्याने. डॉक्टर म्हणाला, माणसांचे आकडे असे ओरडायचे नसतात, तेव्हा कुठे गेनभाऊंनी आवाज खाली आणला. दुपारपर्यंत सगळं झालं. एकशे तीस माणसं धडधाकट निघाली, आणि गेनभाऊंखेरीज अकरा जणांना खरोखरच साखर निघाली. कुणालाच पत्ता नव्हता. त्यांत धोंडीबाही होते.

"बघ, आलाच यम," धोंडीबा गेनभाऊंना म्हणाले.

"यम न्हाई, पत्ता कळला फक्त," गेनभाऊ म्हणाले.

फॉर्म नव्याने भरले गेले, ज्याचे त्याचे. विमा मंजूर झाला. आता चार वर्षं काढायची होती. गेनभाऊंनी त्या अकरा जणांना आपल्या पंखाखाली घेतलं. कुणी चहात साखर घातली तर त्यांना संध्याकाळपर्यंत कळायचं. धोंडीबांना ते रोज पाय धुवायला लावून तळवे बघायचे. मळ्यातली माणसं आपसात वर्षं मोजायला लागली, "गेनभाऊची दोन झाली, दोन ऱ्हायली." दर वर्षी मी नूतनीकरणाला जायचो, आणि मला बघून कुणी पळत नसे. धंद्यातला तेवढाच मान मला मिळाला.

चौथं वर्ष संपायला बावीस दिवस उरले होते. गेनभाऊंच्या चपलेतून खिळा वर आला आणि उजव्या पायाच्या करंगळीजवळ घुसला. साखरेने पाय बधिर झालेला, त्यांना कळलंच नाही. दुसऱ्यांचे तळवे तपासणारा माणूस, त्याने स्वतःचा पाय तिसऱ्या दिवशी पाहिला. तोवर दोन बोटं काळी पडली होती. मंचरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आजच काढायला हवीत, नाही तर पाय जाईल. बावीस दिवस थांबायचा प्रश्नच नव्हता.

मी धावत गेलो. दवाखान्यात गेनभाऊ खाटेवर, शेजारी हौसाबाई. विम्याचा कागद भरायचा होता. आणि मला वाट दिसत होती. अपघाताच्या जखमेचा खर्च पहिल्या दिवसापासून मिळत होता. मी म्हणालो, "गेनभाऊ, 'खिळा लागून जखम' एवढंच लिहू. यात खोटं काहीच नाही. खिळा खरा आहे."

हौसाबाई एकदम म्हणाल्या, "लिवा. खरंच लागलाय खिळा."

गेनभाऊंना ताप होता. त्यांनी डोळे मिटले होते, मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "खिळा खरा हाय. पर खिळ्यानं बोट काळं पडत न्हाई, पावणं. पाणी घातलेल्या दुधात बी दूध असतंच की."

"गेनभाऊ, बावीस दिवस! फक्त बावीस!" माझा आवाज चढला होता.

"मी एकटा असतो तर..." ते थांबले. "न्हाई, एकटा असतो तरी न्हाई. आन् आता तर अकरा जण हायेत माझ्या मागं. उद्या कंपनीनं माझा कागद उकरला आन् त्यात पाणी निघालं, तर सगळ्यांची कॅन परत जाईल. धोंडीबाचं वय बघा."

त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं: 'मधुमेहामुळे. निमित्त खिळा.' दावा नामंजूर झाला, व्हायचाच होता. हौसाबाईंच्या दोन्ही म्हशी बेल्ह्याच्या बाजारात गेल्या. जे होऊ नये म्हणून त्या माणसाने बारा वर्षं कागद भरले, तेच झालं. घरी आल्यावर हौसाबाई म्हणाल्या, "कागदापायी म्हशी गेल्या. आता कागदाचंच दूध काढा." मी ओटीवर बसलो होतो, मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मीसुद्धा त्या दिवशी गेनभाऊंवर मनातून चिडलोच होतो, आणि आजही पूर्ण निवळलो आहे असं नाही.

त्याच आठवड्यात नूतनीकरण होतं. मला धास्ती होती. ज्याच्यासाठी विमा काढला त्यालाच मिळाला नाही, आता कोण पुढे येणार? झालंही तसंच. एक जण म्हणाला, "मंग ह्यो इमा काय कामाचा?" गेनभाऊ घरी पाय वर करून पडले होते, सभेला नव्हते. उत्तर द्यायला धोंडीबा उठले. "त्यानं खरं लिवलं म्हणून आपला इमा शाबूत हाय. त्याची चार वरसं भरली ह्या आठवड्यात. आता आपण सोडला तर त्याची बोटं फुकट गेली." ते एवढंच बोलले आणि अंगठा मांडायला पहिले आले. त्यांच्या मागे सगळे आले.

पुढे दोन वर्षांनी गेनभाऊंच्या डाव्या डोळ्यात आतून रक्त उतरलं. उजव्याची नजर आधीच गेल्यासारखी होती, नळीवरचा आकडा दिसेना म्हणून त्यांनी टेस्टरचं काम सोडलं होतं. ऑपरेशन पुण्यात करायचं ठरलं. हौसाबाई बरोबर होत्या, आणि मी होतो. काउंटरवरच्या मुलीने कार्ड घेतलं आणि फॉर्म पुढे केला. मी भरतो म्हणालो तर गेनभाऊ नाही म्हणाले. कागद नाकाला लावून, ओळी वरखाली करत, त्यांनी स्वतः लिहिलं. मुलीने तो कंपनीकडे फॅक्स केला आणि बाकावर बसायला सांगितलं.

दोन तास आम्ही बसलो होतो. हौसाबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. गेनभाऊ भिंतीला डोकं टेकून बसले होते. एकदाच म्हणाले, "लई येळ लावत्यात. वाचत असत्याल." मग मुलीने नावाची हाक मारली, फॅक्सचा कागद काउंटरवर ठेवला आणि ती दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागली.

गेनभाऊंनी कागद उचलला, उजेडाकडे धरला, जवळ नेला, लांब नेला. त्यांना काही दिसेना. मी पुढे झालो, पण त्यांनी कागद माझ्याकडे दिला नाही. त्या मुलीलाच विचारलं, "ताई, काय लिवलंय ह्यात?"

"मंजूर झालंय, बाबा."

"आजाराचं वाचलं का त्यांनी? मी लिवलंय सगळं. सत्तावीस वरसं झाली मला."

मुलीने कागद परत घेतला, खालची ओळ शोधली. "हो. लिहिलंय इथं. मधुमेह, सत्तावीस वर्षं. मंजूर."

"साखरेसकट?"

"साखरेसकट," ती म्हणाली.

गेनभाऊ तिथेच उभे राहिले. मागे रांग लागली होती. मला रडू आलं आणि मी खिडकीकडे तोंड केलं. हौसाबाईंनी कागद घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला आणि नवऱ्याचा हात धरला. "चला," त्या म्हणाल्या, "आत बोलावत्यात."